मोडेमपुढे सुनेनं बांधलेलं फाटक

वाडीच्या अमरावती रोडवर ट्रक आणि गोदामांची वर्दळ. त्या रस्त्यालगतच्या आमच्या घरात देव्हाऱ्याच्या खोलीतल्या फळीवर एक काळा डबा रात्रंदिवस घूंऽ घूंऽ करत असतो. सुरुवातीला मला तो डोळ्यांसमोरही नको होता!

झालं असं की ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि पुण्याहून सून मदतीला आली. तिच्या कंपनीनं महिनाभर घरून काम करायची परवानगी दिली, पण अट घातली की मीटिंगमध्ये आवाज तुटता कामा नये. तुटला तर परत पुणं. आणि आमचं इंटरनेट तर दुपार झाली की हमखास अडखळायचं. वरच्या मजल्यावर भाच्याचे खेळ, सगळ्यांचे मोबाईल, दारातला कॅमेरा, सगळं एकाच मोडेमवर.

तिसऱ्याच दिवशी सूनबाई माळ्यावर चढल्या. मुलाचा जुना ऑफिसचा संगणक खाली उतरवला. मी म्हटलं, "अगं, काय करून राहिली?" म्हणाली, "आई, फाटक बांधते आहे."

भगिनींनो, तिनं मला समजावलं तसंच सांगते. मोडेमचं खरं काम एकच, बाहेरच्या तारेची भाषा घरच्या तारेच्या भाषेत आणायची. पूर्वी ती तार टेलिफोनची होती. बी.एस.एन.एल.चं ब्रॉडबँड २००५ साली आलं तेव्हा फोनशेजारी तो छोटा स्प्लिटर लागायचा, आठवतो ना? विजा कडाडल्या की आधी मोडेमची वायर ओढायची. आता काचेचा धागा येतो, त्यातून वीज चढत नाही. पण आजकाल त्याच डब्यावर घराला पत्ते वाटणं, नको त्याला अडवणं, वाय-फाय, सगळं लादलेलं असतं. ही जास्तीची कामं काढून दुसऱ्या संगणकाकडे द्यायची, म्हणजेच फाटक.

त्याला नेटवर्कच्या वायरीची दोन तोंडं लागतात. जुन्या संगणकाला एकच असतं, म्हणून दुसरं कार्ड विकत आणलं. एक तोंड मोडेमकडे, दुसरं घराकडे. त्यावर ओपीएनसेन्स नावाची प्रणाली घातली. ती २०१५ पासून आहे आणि फुकट मिळते.

सगळं जोडलं आणि काहीच चालेना! रात्री अकरापर्यंत ती बसून होती, दुसऱ्या दिवशी दहाला मीटिंग. शेवटी कळलं की मोडेमचा पत्ता १९२.१६८.१.१ आणि फाटकानंही घराच्या बाजूला तोच घेतलेला. गल्लीत दोन घरांना एकच नंबर असला तर पोस्टमननं काय करावं? तिनं घरचा पत्ता १९२.१६८.१०.१ केला आणि गाडं सुरू झालं.

दोन दिवसांनी पुन्हा बोंब. भाच्यानं "वायर मोकळी दिसली" म्हणून मोडेममधून एक वायर थेट घरच्या स्विचमध्ये खोचली होती. म्हणजे फाटक बंद आणि कुंपणाला भगदाड! शिवाय घराला पत्ते वाटणारे दोघे झाले, कुणी याचा पत्ता घेतो, कुणी त्याचा. तेव्हापासून मी मोडेमच्या वायरीला लाल लोकर आणि घरच्या वायरीला पिवळी लोकर गुंडाळून ठेवली आहे. लाल वायर फाटकाशिवाय कुठेही जायची नाही, हा नियम. हा माझा शोध, बरं का! जुना वाय-फायचा डबाही फेकला नाही. त्याचं पत्तेवाटप बंद केलं आणि तो पिवळ्या बाजूला जोडला.

पुढची पायरी मोडेमला 'ब्रिज' करण्याची. म्हणजे त्यानं नुसता पूल व्हायचं, लॉगिन फाटकानं करायचं. ह्यासाठी कनेक्शनवाल्याला विनवावं लागतं. आमच्या माणसानं चार दिवस "ताई, असं कोणी करत नाही" म्हणून लावलं. तीन गोष्टी लिहून मागा: युजरनेम, पासवर्ड आणि लागत असेल तर व्हीलॅन नंबर. मी त्या किराण्याच्या वहीत लिहिल्या होत्या, सुनेनं ते पान काढून कपाटात ठेवायला लावलं. बरोबरच आहे तिचं.

आता मुख्य गोष्ट. फाटकानं वेग वाढत नाही, कुणी तसं सांगितलं तर विश्वास ठेवू नका. वाढते ती शिस्त. आमची लाईन ५० ची, तिनं फाटकाला ४५ चा आकडा दिला. गर्दी झाली तर रांग मोडेममध्ये न लागता फाटकात लागते, आणि तिथे मोठ्या डाउनलोडला थोपवून बोलण्याला आधी सोडता येतं. भाच्याचे खेळ उतरत असतानाही मीटिंगचा आवाज तुटला नाही, हे मी कान देऊन ऐकलं आहे.

खर्चाचं म्हणाल तर संगणक ४० वॅटच्या आसपास खातो. चोवीस तासांचं जवळजवळ एक युनिट, महिन्याचे २९ च्या घरात. मोडेम आणि फाटक दोन्ही इन्व्हर्टरवर हवेत, एकच ठेवून उपयोग नाही. आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात डबा कूलरच्या झोतात ठेवू नका; थंड वाटला तरी ती हवा ओली असते. आठवड्याला फडक्यानं धूळ मी काढते. सेटिंगची एक नक्कल पेनड्राइव्हवर आहे, ती देव्हाऱ्याच्या खणात.

परवा महिना भरला. कंपनीनं सूनबाईंना आणखी तीन महिने दिले. ह्यांना आता काठी घेऊन फाटकापर्यंत जाता येतं, म्हणजे अंगणातल्या, लोखंडी फाटकापर्यंत.