जुन्या ड्रेसरवर तारप्याचा नाच



इथे महिनाअखेरीला कुणी अपार्टमेंट सोडलं की कचरापेटीशेजारी अख्खं लाकडी फर्निचर उभं असतं. चांगलं ओकचं, मेपलचं. दुकानात मात्र डॉलर मोजून दाबलेल्या भुशाच्या फळ्या मिळतात. आमच्या दोन वर्षांच्या मुलीसाठी मी असाच एक पाच खणांचा ड्रेसर उचलून आणला आणि रंगवायला घेतला.

हा उद्योग इथे जुनाच. केप कॉडवरच्या प्रॉव्हिन्सटाऊनमध्ये पीटर हंट नावाचा कलाकार १९३०-४० च्या दशकांत जुनी कपाटं, खुर्च्या घेऊन त्यांवर फुलं, बदाम, देवदूत रंगवून विकायचा. १९४५ मध्ये त्याने हे शिकवणारं पुस्तकही काढलं. म्हटलं, त्याने युरोपातली खेडी रंगवली, आपण डहाणू रंगवू!

बायकोने विचारलं, "पोरगी खणाची कड चावणार. आधीचा रंग कसला आहे?" मुद्दा बिनतोड. शिसं असलेल्या घरगुती रंगांवर आणि तसा रंग लावलेल्या फर्निचरवर अमेरिकेत १९७८ मध्ये बंदी आली. त्याआधीच्या वस्तू घासल्या तर उडणारी धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक. म्हणून रंगाचा कपचा आधी प्रयोगशाळेत पाठवला. शिसं नाही असं कळल्यावरच पॉलिश पेपर हातात घेतला. निघालं असतं तर ड्रेसर घराबाहेर, कलाबिला नंतर.

कृती सोपी आहे. साबणाच्या पाण्याने पुसा, वाळल्यावर १५० नंबरने घासा, मग शेलॅकचा प्रायमर. शेलॅक म्हणजे आपली लाख! जुन्या लाकडाचे डाग ती वर येऊ देत नाही. त्यावर गेरूच्या छटेच्या अ‍ॅक्रिलिकचे दोन हात आणि मग पांढऱ्या रेषा.

वारली बायका लग्नात तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक काढतात. जिव्या सोमा मशे यांनी १९७० च्या दशकात ही कला कागदावर आणली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. चौक हा विधीचा भाग, तो मोज्यांच्या खणावर नको, म्हणून फक्त तारप्याचा नाच घेतला.

वरून वॉटर-बेस्ड क्लिअर कोटच द्या. ऑइल-बेस्ड पॉलियुरेथेनने पांढऱ्या रेषा पिवळ्या पडतात. रंग हाताला लगेच सुकल्यासारखा लागतो, पण पुरता कडक व्हायला तीनेक आठवडे जातात. तोवर मुलीचे कपडे सुटकेसमध्ये. त्याची आपल्याला सवय आहेच!