प्रगतिपुस्तकातले दोन रकाने

प्रगतिपुस्तक घरी आले की आपण आधी गणिताचे गुण पाहतो, मग सही करतो. उंची आणि वजन हे दोन रकाने कोणी वाचत नाही. काही ठिकाणी तर मागच्याच सत्राचे आकडे पुन्हा उतरवलेले असतात!

लठ्ठपणा हा बंगल्यातल्या मुलांचा रोग, असे आपल्या वस्तीत सर्रास म्हटले जाते. भारतात तो आज सुखवस्तू घरांतच अधिक आढळतो, हे खरे. पण इंग्लंडकडे पाहा. तिथे सरकारी शाळांत २००५ पासून चार-पाच आणि दहा-अकरा वर्षांच्या मुलांची उंची-वजने नोंदवतात. सर्वात गरीब भागांतल्या मुलांत लठ्ठपणा सुखवस्तू भागांच्या दुपटीहून अधिक, असे त्या नोंदी सांगतात. पोट स्वस्तात भरते ते गोड आणि तळलेल्या पदार्थांनी. पाच रुपयांचे पाकीट आपल्याही घरात आले आहे.

नुसत्या वजनावर मात्र जाऊ नका. पाचवीतल्या दहा वर्षांच्या दोन मुली घ्या. दोघींचे वजन ३६ किलो. एकीची उंची १४४ सेंटिमीटर, दुसरीची १३०. वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागा. पहिलीचा आकडा १७ येतो, तो ठीक आहे. दुसरीचा २१, म्हणजे वयाच्या मानाने जास्त. लहानपणी उपासमारीने उंची खुंटलेले मूल असेच फसवते. डोळ्यांना ते 'अंगाने बरे' दिसते. मोठ्यांचा तक्ता मुलांना लावू नये, त्यांचा वयानुसार वेगळा असतो.

एका नोंदीवरूनही काही ठरत नाही. उंची हळू आणि वजन भराभर, असे दोन-तीन वर्षे दिसले तर डॉक्टरांना दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक २०१३ पासून सरकारी व अनुदानित शाळांत तपासणीला येते. ते कधी येणार, हे बाईंना विचारून ठेवा आणि आदल्या वर्षाचे आकडे मुलाजवळ द्या.

माता-भगिनींनो, आकडा जास्त आला म्हणून लेकराला उपाशी ठेवू नका. वाढत्या वयात वजन थोपवून धरले तरी उंची त्याला गाठते. भाकरी, डाळ, उसळ कमी करायची नाही. पाकीट आणि रंगीत बाटली बंद करायची. आणि वर्गात सर्वांसमोर वजन मोठ्याने वाचून दाखवत असतील, तर तसे करू नका, असे गुरुजींना जाऊन सांगा. 'जाड्या' म्हणून चिडवलेले मूल पुढच्या वेळी काट्यावर उभेच राहत नाही.