मास्तरांच्या कॅलेंडरातला पाऊस

मास्तर गेले तेव्हा त्यांच्या स्वयंपाकघरात भिंतीवर २०२५ च्या कालनिर्णयचं जानेवारीचं पान होतं. बारा तारखेच्या चौकोनात तिथी-नक्षत्रांच्या फटीत बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ‘दू. २, सावर’. त्या दिवशी दूध दोन लिटर घेतलं आणि रस्त्याकडेच्या काटेसावरीला पहिलं फूल दिसलं, असा त्याचा अर्थ. पुढचे चौकोन कोरे.

महिनाभराने मास्तरांच्या पत्नीने, वहिनींनी, कुंपणावरून हाक मारली. माळ्यावरून सुतळीने बांधलेला गठ्ठा काढून ओट्यावर ठेवला होता. सगळी जुनी कॅलेंडरं. ‘‘सर, रद्दीवाला यायचाय. तुम्हाला पाहिजेत तर न्या, नायतर देते त्याला.’’ मी गठ्ठा उचलून घरी आणला. १९८८ पासूनची कॅलेंडरं निघाली. मधली चार-पाच वर्षं गहाळ, दोनांना वाळवी लागलेली.

आधी एक खुलासा करतो. शाळामास्तर मी होतो, ते नव्हे. ते एसटीत कंडक्टर होते, पनवेल आगारात. आमच्याकडे प्रवासी कंडक्टरला मास्तर म्हणतात. ‘‘मास्तर, धोदाणी दोन’’ असं उभ्या गर्दीतून ओरडायचं, की तिकीट मिळतं. मी उभा जन्म फळ्यासमोर घालवला, पण गावात मास्तर म्हणजे तेच आणि मी नुसता सर. या मानापमानावरून मी त्यांना पुष्कळ चिडवलं. ते शांतपणे म्हणायचे, ‘‘तुमची पोरं एका जागी बसलेली असतात, सर. माझी चढतात-उतरतात. जास्त लक्ष लागतं.’’

नेरे पनवेलच्या पूर्वेला आहे. बाहेरच्यांना गाव माहीत असतं ते दोन कारणांनी: एक शांतिवन, जिथे कुष्ठरोग निवारण समितीचं काम चालतं, आणि दुसरं म्हणजे धोदाणीला जाताना गाडी इथून पुढे जाते म्हणून. समोर माथेरानची भिंत, उजव्या हाताला प्रबळगड आणि त्याला टेकलेला कलावंतीणचा सुळका. माथेरानच्या डोंगरातून गाढी नदी उतरते, गाढेश्वरच्या धरणात क्षणभर विसावते आणि मग पनवेलच्या खाडीकडे निघते. मी १९९६ साली इथे घर बांधलं. शेजारी कोण, याची चौकशीही केली नव्हती. पहिल्याच पावसात छत गळलं आणि ताडपत्री घेऊन मास्तर न बोलावता हजर झाले, तेव्हा ओळख झाली.

त्यांची वर्षानुवर्षं याच खोऱ्यातल्या गाड्यांवर गेली. सकाळची पहिली गाडी वाड्यांवरून खाली यायची. कातकरी आणि ठाकर बायका पाट्या घेऊन चढायच्या, पनवेलच्या बाजारात विकायला. मास्तरांना निसर्गाचं वेड लागलं ते तिथे, पाट्यांमुळे. फाल्गुनानंतर पाटीत कैऱ्या, मग करवंदं, मग जांभळं. पाऊस पडला रे पडला की शेवळांच्या जुड्या. मग टाकळा, भारंगी, कंटोली, कुड्याच्या शेंगा. त्यांचं म्हणणं असं, की पाट्यांकडे बघून तारीख सांगता यायची. एका जूनमध्ये शेवळं आठवडाभर उशिरा चढली, तेव्हा त्यांनी घरी येऊन ते कॅलेंडरवर टिपलं. कारण काय, तर ‘‘माणूस रोजच्या गाडीला आला नाय तर आपण विचारतो ना?’’

पुढे निवृत्त झाल्यावर पाट्या बघायला मिळेनात, तेव्हा ते स्वतः रानात जाऊ लागले. रोज पहाटे, कमरेला पंचा, हातात काठी आणि खिशात तिकिटांच्या जुन्या पेटीतली पेन्सिल. दुर्बीण नाही, कॅमेरा नाही. एकदा मी माझी दुर्बीण दिली, ती त्यांनी डोळ्याला लावली, थोडा वेळ इकडेतिकडे फिरवली आणि परत केली. म्हणाले, ‘‘एवढं जवळ कशाला आणायचं त्याला?’’

कॅलेंडरं वाचायला घेतली आणि पंचाईत सुरू झाली. सगळी लिपी संक्षेपांची. ‘दू.’ दूध हे कुणालाही कळेल. ‘शे.’ म्हणजे शेवळं. ‘न.’ म्हणजे नवरंग, मे-जूनच्या सुमारास आमच्या रानात येऊन शीळ घालणारा तो रंगीत पक्षी. ‘पा.’ पावश्या. ‘मृ. कि.’ म्हणजे मृगाचे किडे, मखमलीसारखे लाल. ‘का.’ काजवे, पावसाआधीच्या रात्रींत ऐन-हिरड्याच्या झाडांवर लुकलुकतात ते. पण ‘गा.’ने मला फसवलं. पुराच्या दिवसांत ‘गा.’ असायचा हे बरोबर. २६ जुलै २००५ च्या चौकोनात तर तो दोनदा गिरवलाय. त्या दिवशी मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला होता आणि गाढीने पनवेलकरांना दाराशी नाही, घरात गाठलं होतं. पण जानेवारीत ‘गा.’? मार्चमध्ये? भर उन्हाळ्यात गाढीला पूर? मी आठ दिवस डोकं खाजवलं. शेवटी वहिनींना विचारलं. त्या पदर तोंडाला लावून हसल्या. ‘‘अहो, तो गॅस. सिलिंडर लावला की मीच लिहायची.’’

म्हणजे एकाच चौकोनात दोघांचा हात होता, हे मला तोवर दिसलंच नव्हतं.

सगळ्यात महत्त्वाची नोंद ‘ओ. वा.’, म्हणजे ओहोळ वाहिला. आमच्या दोन्ही घरांमागून एक ओहोळ जायचा. पाऊस कधी आला हे ठरवण्याचं मास्तरांचं माप तोच. पहिली सर आली, मातीचा वास सुटला, पोरं नाचली, तरी ते मान हलवायचे. पागोळ्या गळल्या तरी नाही. ओहोळाच्या तळातले दगड भिजून पाणी एका डबक्यातून दुसऱ्यात उतरलं, की मग पाऊस आला. हवामान खात्याचं मापही मनाला येईल तसं नसतं, हे मी त्यांना सांगितलं होतं. २०२० मध्ये खात्याने मुंबईत पाऊस पोहोचण्याची सर्वसाधारण तारीख १० जूनवरून ११ जून केली आणि परतीची तर २९ सप्टेंबरवरून थेट ८ ऑक्टोबरला नेली. मास्तर खूश झाले. ‘‘बघा, परतीचा उशीर त्यांनाही कळला.’’ त्यांच्या कॅलेंडरांत ‘ओ. थां.’, म्हणजे ओहोळ थांबला, ही नोंद जुन्या वर्षांपेक्षा पुढे सरकलेली दिसते खरी. पण एका ओहोळावरून सिद्धांत मांडू नये एवढं भान मला आहे.

अशा नोंदींचं एक शास्त्रच आहे. झाड कधी फुललं, पक्षी कधी आला, पानं कधी झडली, याच्या तारखा वर्षानुवर्षं लिहून ठेवायच्या आणि मग त्या एकमेकींशेजारी ठेवून बघायच्या. त्याला फिनॉलॉजी म्हणतात. जपानमध्ये क्योटोच्या चेरीचा बहर कधी आला याच्या नोंदी दरबाऱ्यांच्या आणि भिक्षूंच्या रोजनिश्यांमधून नवव्या शतकापासून सापडतात. २०२१ मध्ये तिथला भर बहर २६ मार्चला आला, तोवरच्या बाराशे वर्षांतला सगळ्यात लवकरचा. अमेरिकेत हेन्री डेव्हिड थोरो आपल्या कॉन्कॉर्ड गावात १८५० च्या दशकात रानफुलं पहिल्यांदा कधी उमलतात ते टिपून ठेवत होता. दीडशे वर्षांनी बॉस्टन विद्यापीठाच्या रिचर्ड प्रायमॅक यांनी ते तक्ते काढले आणि त्याच गावात जाऊन पाहिलं, तर फुलं सरासरीने आठवडाभर तरी आधी येत होती. थोरोला तापमानवाढ ठाऊक नव्हती. क्योटोच्या भिक्षूलाही नाही. त्यांना फक्त फूल आलं की नाही एवढंच सांगायचं होतं, आणि नेमकं म्हणूनच ते आज उपयोगी पडतं.

आपल्याकडे समजुती भरपूर, नोंदी कमी. बहावा फुलला की पंचेचाळीस दिवसांनी पाऊस, हे आमच्याकडे ऐकू येतं. मास्तरांनी ते तपासलं. त्यांच्या चौकोनांत बहाव्यापासून ‘ओ. वा.’पर्यंतचे दिवस मी मोजले. कधी पस्तिसाच्या आसपास, कधी साठाच्या पुढे. पंचेचाळीसही आले, नाही असं नाही. यावर त्यांचं मत विचारलं होतं तेव्हा उत्तर कंडक्टरी मिळालं: ‘‘गाडीपण कधीकधी टायमावर येते.’’

मला त्यांनी एकच गोष्ट नीट शिकवली, बसायला. जुलैची सकाळ होती, साल आठवत नाही. ओहोळाच्या वळणावर मातीचा एक उभा कड होता, पुरुषभर उंच, त्यातून झाडाची मुळं लोंबत होती. मास्तरांनी मला समोरच्या दगडावर बसवलं, वर छत्री धरली आणि म्हणाले, ‘‘दिसायचा नाय, बसा.’’ पाऊण तास काही दिसलं नाही. डास मात्र भरपूर. मग एक निळी-केशरी रेघ पाण्यावरून सरळ गेली आणि एका मुळावर थांबली तेव्हा तिचा पक्षी झाला. तिबोटी खंड्या. चिमणीपेक्षाही लहान, लालबुंद चोच, पोट केशरी, पाठीवर जांभळट-निळी झाक. पायाला तीनच बोटं, म्हणून नाव तिबोटी. पावसाळ्यात तो अशा कडांत बीळ खोदून पिल्लं वाढवतो. चोचीत सापसुरळी होती, जवळजवळ त्याच्याएवढी. ती त्याने मुळावर डावीकडे-उजवीकडे आपटली, पुन्हा नीट धरली, डोक्याकडचं टोक पुढे केलं आणि बिळात शिरला. बाहेर आला तेव्हा चोच रिकामी, छातीला चिखल. मास्तरांनी खिशातली पेन्सिल काढली, पण कागद कुठे होता? त्यांनी तळहातावर ‘ति.’ लिहिलं आणि घरी जाऊन ते कॅलेंडरवर उतरवलं.

तो कड आता नाही. ओहोळाला दोन्ही बाजूंनी काँक्रीटची भिंत आली आणि रस्त्यापाशी तो पाइपात गेला. मास्तर आठवडाभर अर्ज घेऊन हिंडले, मग थांबले. त्या वर्षीच्या जुलैत ‘ति.’ नाही. पुढच्याही नाही. पण पुढच्या जुलैपासून त्यांनी त्या नोंदीसाठी रोज एक टिंब द्यायला सुरुवात केली: गेलो, बघितलं, नव्हता. ती टिंबं पाच पावसाळे आहेत.

ते काही साधुपुरुष नव्हते. खाण्याच्या बाबतीत चोखंदळ आणि तापट. शेवळांची भाजी तर फक्त त्यांच्या हातची, वहिनींनाही चूल मिळायची नाही. शेवळ म्हणजे जमिनीतून वर आलेला लांबट कोंब. वरचं आवरण सोडवायचं, आतला खरखरीत पिवळा भाग काढून फेकायचा, कारण खाज त्यात, आणि उरलेलं बारीक चिरायचं. तरीही घशाला खवखवू नये म्हणून काकडाची आंबट फळं घालायचीच. काकड म्हणजे सॅलडची काकडी नव्हे, रानातलं झाड. बायका शेवळांच्या जुडीबरोबर काकडं देतातच, न देणाऱ्या बाईकडून शेवळं घेऊ नयेत, हा मास्तरांचा नियम. वर सोडे. एकदा मी शहरी शहाणपणाने काकडाऐवजी चिंच चालेल का विचारलं. चिंच घालणारे लोक आहेत, हे त्यांनाही माहीत होतं. तरी दिवसभर बोलले नाहीत.

प्रबळला आम्ही वर्षातून एकदा जायचो, ठाकूरवाडीवरून, माचीपर्यंत. मुरंजन हे या गडाचं जुनं नाव. निजामशाही बुडत असताना १६३६ च्या सुमारास शहाजीराजे जिजाबाई आणि लहानग्या शिवाजीराजांसह इथे राहिल्याचं इतिहासात येतं. मी हे उत्साहाने सांगायचो. मास्तर ऐकायचे आणि पलीकडे बोट करायचे: इर्शाळ. त्या बाजूच्या वाड्यांत त्यांच्या ओळखीची माणसं होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळून इर्शाळवाडी गाडली गेली. त्या चौकोनात दूध नाही, गॅस नाही, पावसाची नोंद नाही. नुसतं ‘इर्शाळ’. पुढे तीन आठवडे त्यांनी काहीच लिहिलेलं नाही. त्यानंतर आम्ही प्रबळला गेलो नाही.

२०२५ मध्ये पाऊस २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला, पंचाहत्तर वर्षांतला सगळ्यात लवकरचा. वर्तमानपत्रांत मोठे मथळे होते. पावश्या अजून ओरडायच्या तयारीत होता, मृग लागायला दहा-बारा दिवस होते आणि अंगणात पाणी साचलं होतं. माझ्या घरी आता मीही कालनिर्णयवर लिहितो. पण काय लिहायचं? ‘ओ. वा.’ म्हणावं तर ओहोळ दिसतो कुठे?

छत्री घेऊन मागे गेलो. पाइपाचं तोंड रस्त्याखाली आहे, तिथे कचरा अडकलेला. वाकून कान लावला. काहीतरी वाजत होतं, पण ते आतलं पाणी की पाइपावर पडणारा पाऊस, कळेना.

वहिनी मागच्या दारात उभ्या होत्या.

‘‘काय हरवलं, सर?’’

‘‘वाहिला का ते बघतोय.’’

त्या पावसातच कुंपणापर्यंत आल्या, माझ्या हातातली काठी घेतली आणि तोंडाशी अडकलेल्या पिशव्या, पालापाचोळा ढोसून बाजूला केला. आतून गढूळ पाणी एकदम बाहेर आलं आणि आमच्या दोघांच्या चपला भिजवून पुढे गेलं.

‘‘लिहा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आणि माझा आज गॅसपण लावलाय.’’