तिसरी टाकी कशासाठी?

पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण हा पट्टा गाड्यांचा. त्यामुळे इथल्या घरातल्या मुलीने केमिकल इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला, की कुणीतरी काका-मामा हटकून विचारतात, "मग नोकरीला रसायनीला जायचं की थेट गुजरातला?" प्रश्न अगदीच गैर नाही. पण जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या आसपास दापोडीला अल्फा लाव्हल, कासारवाडीला फोर्ब्स मार्शल, चिंचवडला थरमॅक्स अशा कंपन्या आहेत. उष्णता, वाफ आणि पाणी हा त्यांचा धंदा, म्हणजे केमिकलवाल्यांचा घरचाच विषय. पिंपरीत एच. ए. कंपनी आहे, तिच्याकडे नंतर वळू. आणि ज्या गाड्यांमुळे हा पट्टा ओळखला जातो, त्यांच्या पत्र्यावर रंग धरावा म्हणून जे काही केलं जातं, ते निव्वळ रसायन आहे.

केमिकलची पहिली तीन वर्षं विषय सुटे सुटे शिकवले जातात. स्टॉइकिओमेट्रीला भट्ट-व्होरा, युनिट ऑपरेशन्सला गव्हाणे सरांचं पुस्तक, जरा धीर आला की मॅककेब-स्मिथ आणि ट्रेबल. प्रत्येक गणिताच्या सुरुवातीला "दिलेलं आहे" म्हणून चार आकडे असतात आणि उत्तर एकच येतं. शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट रिपोर्ट समोर येतो: पद्धतीची निवड, मास बॅलन्स, एनर्जी बॅलन्स, यंत्रांचं डिझाइन, लेआउट, सुरक्षितता, खर्च. इथे आकडे कुणी देत नाही. बहुतेक गट मग जुना रिपोर्ट शोधतात, टनांचा आकडा बदलतात आणि बाकीचं तसंच ठेवतात. प्रोसेस डिझाइन नेमकं तिथेच शिकायचं राहून जातं.

त्यापेक्षा भोसरीतल्या एखाद्या पावडर कोटिंगच्या शेडमधली सेव्हन टँक लाइन घ्यावी. नावाप्रमाणे सात टाक्या रांगेत असतात. तेल-ग्रीस काढणं, धुणं, ॲसिडमध्ये गंज काढणं, पुन्हा धुणं, अ‍ॅक्टिव्हेशन, जस्ताचं फॉस्फेटिंग, शेवटी धुणं. हँगरला लटकवलेले सुटे भाग एका टाकीतून दुसरीत उतरतात. प्रत्येक वेळी भागाच्या अंगाला थोडं द्रावण चिकटून पुढे येतं. लाइनवर त्याला ड्रॅग-आउट म्हणतात. फॉस्फेट नीट धुतलं गेलं नाही, तर रंगाखाली क्षार राहतात आणि पहिल्याच पावसाळ्यात फोड येतात.

उदाहरणापुरते सोपे आकडे धरू. फॉस्फेटच्या टाकीत लिटरला १० ग्रॅम क्षार, ड्रॅग-आउट ताशी १० लिटर, आणि धुऊन निघालेल्या भागावरच्या पाण्यात लिटरला १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्षार नकोत. म्हणजे हजारपट पातळ करायचं. ताजं पाणी किती लागेल?

मास बॅलन्सचा नियम एका ओळीचा: जे आत आलं, ते कुठून तरी बाहेर गेलंच पाहिजे. धुण्याची टाकी एकच असेल, तर दर तासाला सुमारे १०,००० लिटर पाणी लागतं. एक अख्खा टँकर, तासाला! अर्थात असं पाणी कुणीही वापरत नाही. वापरतात त्याचा दहावा-विसावा हिस्सा, आणि पुढे फोड आले की पावडरवाल्याला फोन करतात.

आता टाक्या दोन करू. दोन्हींत वेगवेगळं ताजं पाणी सोडलं, तर प्रत्येकीला साधारण ३०६, म्हणजे एकूण ६१२ लिटर लागतात. एका टाकीचे दहा हजार आणि दोन टाक्यांचे सहाशे. हा फरक आधी पटत नाही, म्हणून गणित स्वतः करून पाहावं. पुढची पायरी घरात धुणं धुणाऱ्या कुणालाही माहीत असते: शेवटच्या बादलीतलं पाणी ओतून न देता आधीच्या खळबळण्याला वापरायचं. ताजं पाणी फक्त शेवटच्या टाकीत सोडायचं आणि तिथून ओसंडून ते उलट दिशेने पहिलीत न्यायचं. भाग पुढे जातात, पाणी मागे येतं. आता तेवढ्याच सफाईला ३११ लिटर पुरतात. याचं सूत्र पाठ करायची गरज नाही. ताज्या पाण्याचं ड्रॅग-आउटशी गुणोत्तर 'र' धरलं आणि दोन्ही टाक्यांचे बॅलन्स एकापाठोपाठ एक लिहिले, की १ + र + र² = १००० हे आपोआप हाती येतं. तिसरी टाकी जोडली की र³ हे पद वाढतं आणि पाणी ताशी ९६ लिटरवर येतं. चौथीने ५३.

वर्ग इथपर्यंत खुशीत येतो, आणि कुणीतरी पाचव्या टाकीचं गणित मांडायला घेतं. तेव्हा थांबवून विचारावं लागतं, टाकी ठेवणार कुठे? दोन पाळ्यांत दिवसाचे १६ तास आणि वर्षाचे ३०० दिवस धरले, तर पहिलीवरून दुसरीवर गेल्याने वर्षाला जवळजवळ साडेशेचाळीस हजार घनमीटर पाणी वाचतं. दुसरीवरून तिसरीवर हजारभर घनमीटर. चौथी टाकी दोनशेच्या आसपास वाचवते. पण तिच्यासाठी शेड लांबवायची, होइस्टचा ट्रॅक वाढवायचा, आणि प्रत्येक हँगरला एक बुडी जास्त घ्यायची. तिसरी ठेवायची की नाही हे पाण्याच्या दरावर, जागेच्या भाड्यावर आणि लाइनच्या वेगावर ठरतं. भोसरीत ठेवावी वाटेल. पाण्याची ददात नसलेल्या, पण जागा महाग असलेल्या गावात कदाचित नाही. दोन्ही उत्तरं बरोबर असू शकतात, फक्त हिशेब रिपोर्टात लिहिलेला हवा.

पण खरी गोम पुढे आहे. ताशी १० लिटर ड्रॅग-आउट, लिटरला १० ग्रॅम, म्हणजे दर तासाला १०० ग्रॅम क्षार धुण्याच्या पाण्यात उतरतात. टाकी एक असो की चार, हा आकडा हलत नाही. एका टाकीत ते दहा हजार लिटरमध्ये विरलेले असतात, तीन टाक्यांत ९६ लिटरमध्ये, म्हणजे लिटरला ग्रॅमभर. पाणी शंभरपट घटलं, मळ तेवढाच राहिला. जमिनीवरच्या पाण्यात सोडायच्या सांडपाण्यात जस्त लिटरला ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, अशी देशातली सर्वसाधारण मर्यादा आहे. मर्यादा लिटरमागे असल्याने पाणी ओतून आकडा खाली आणायचा मोह होतो. तो कायद्याला मान्य नाही, आणि इंद्रायणी नदीच्या वाट्याला शेवटी ग्रॅमच येतात.

सांडपाणी शुद्ध करणाऱ्या ईटीपीवाल्यासाठी मात्र दाट पाणी सोयीचं. चुना टाकून पीएच नऊच्या आसपास नेला, की जस्त हायड्रॉक्साइड होऊन खाली बसतं. हात सैल सोडून चुना टाकला आणि पीएच अकराच्या वर गेला, तर तेच जस्त पुन्हा विरघळायला लागतं. खाली बसलेला गाळ फिल्टर प्रेसमधून वडीसारखा निघतो आणि धोकादायक कचरा म्हणून रांजणगावसारख्या ठिकाणी पाठवावा लागतो, किलोच्या हिशेबाने पैसे मोजून. म्हणजे खर्च टाक्यांपाशी संपत नाही, गाळाच्या गाडीपर्यंत जातो.

हाच उलट दिशेचा प्रवाह, एच. ए. कंपनी ज्यासाठी उभी राहिली त्या पेनिसिलिनच्या धंद्यातही आहे, फक्त तिथे घाई जिवावरची आहे. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी क्षेत्रातली देशातली पहिली औषध कंपनी. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने ती १९५४ मध्ये पिंपरीत उभी राहिली आणि पेनिसिलिन करू लागली. बुरशी वाढवलेल्या द्रवात पेनिसिलिन थोडंसं आणि पाणी भरपूर. जगभरची रूढ पद्धत अशी: बुरशी गाळून टाकायची, द्रव थंड करायचा, ॲसिड घालून पीएच दोन-अडीचवर आणायचा आणि उलट दिशेने वाहणाऱ्या ब्युटिल ॲसिटेटसारख्या सॉल्व्हंटमध्ये पेनिसिलिन ओढून घ्यायचं. पेनिसिलिनचा पीकेए २.७५ च्या आसपास असल्याने पीएच दोनला त्याचा सुमारे ८५ टक्के भाग सॉल्व्हंटला मानवणाऱ्या, विद्युतभार नसलेल्या रूपात असतो. पीएच सातला तो जवळजवळ उरतच नाही, म्हणून तिथे पेनिसिलिन पुन्हा स्वच्छ पाण्यात उतरवता येतं.

पेच असा, की ज्या ॲसिडमध्ये ते सॉल्व्हंटकडे जायला तयार होतं, त्याच ॲसिडमध्ये ते झपाट्याने मोडतं. धुण्याच्या लाइनवर टप्पे वाढवले तर जागा आणि पैसा जातो. इथे वेळ जातो आणि वेळेबरोबर मालच जातो. म्हणून निथळत बसणाऱ्या टाक्या बाद, आणि जोराने गरगर फिरून दोन द्रव क्षणांत वेगळे करणारी सेंट्रिफ्यूगल यंत्रं आली. ती महाग असतात, तरी परवडतात. वर्गात एक्स्ट्रॅक्शनच्या पायऱ्या आलेखावर मोजताना वेळ कुठेच दिसत नाही. हे एक उदाहरण शिकवलं की दिसतो.

रिपोर्टातल्या बाकी प्रकरणांबद्दल थोडक्यात. खर्चाच्या ढोबळ अंदाजाला सहा-दशांशाचा नियम पुरतो: क्षमता दुप्पट केली, तर किंमत दुप्पट न होता साधारण दीडपट होते. सिम्युलेशनला डीडब्ल्यूसिम फुकट मिळतं, आणि आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने त्यावर विद्यार्थ्यांकडून भरपूर फ्लोशीट करून घेतल्या आहेत. मात्र फॉस्फेटच्या पाण्याला पेंग-रॉबिन्सन मॉडेल लावलं, तरी सॉफ्टवेअर बिनतक्रार उत्तर काढून देतं. ते मॉडेल तेल-वायूवाल्यांचं, क्षारांच्या पाण्याशी त्याचा संबंध नाही. स्क्रीनवर हिरवी खूण आली की मुलं निर्धास्त होतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त चुका तिथेच शिरतात.

हॅझॉपचं, म्हणजे धोक्यांच्या पडताळणीचं, प्रकरण मात्र कॉपी करू नये, आपल्या लाइनवर बसून लिहावं. पाणी आलंच नाही तर? होइस्ट अडकून भाग ॲसिडमध्येच लटकत राहिला तर? शेवटच्या टाकीत कंडक्टिव्हिटी मीटर बसवून त्यावर ताज्या पाण्याचा व्हॉल्व्ह चालवला, तर काम नसताना पाणी आपोआप बंद राहतं. पण मीटरवरच थर साचला तर?

आणि व्हायवाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारावा असा प्रश्न: ताशी १० लिटर ड्रॅग-आउट कुठून आणलं? इतका वेळ आपण ते "दिलेलं" म्हणून धरून चाललो होतो. खरं तर सगळ्या साखळीत क्षारांचे ग्रॅम कमी करणारा हा एकच आकडा आहे. भाग टाकीवर आणखी थोडा वेळ निथळू दिला, हँगरवर तिरका टांगला, पोकळ भागाला निथळायला भोक ठेवलं आणि ड्रॅग-आउट निम्म्यावर आलं, तर पाणी निम्मं, चुना निम्मा, गाळ निम्मा. अति निथळवलं तर पत्रा वाळून त्यावर लगेच गंजाची तांबूस झाक येते, म्हणून वर बारीक फवारा लागतो. आणि तो आकडा मोजायला प्रयोगशाळाही लागत नाही. धुण्याची २,००० लिटरची टाकी ताज्या पाण्याने भरायची, नळ बंद करायचा, तासभर नेहमीसारखं काम चालू द्यायचं आणि क्षार मोजायचे. लिटरला ५० मिलिग्रॅम वाढले असतील, तर १०० ग्रॅम आत आले, म्हणजे ड्रॅग-आउट १० लिटर. ८० वाढले असतील तर १६, आणि टाक्यांचा सगळा हिशेब पुन्हा मांडायचा.