विरघळणारा टाका आणि कोलंबोचा संताप

रहस्यकथेत खुनी कोण हे शेवटच्या पानापर्यंत लपवून ठेवायचे असते, हा बाबुराव अर्नाळकरांच्या पुस्तकांवर वाढलेल्या आपल्या पिढीचा पक्का समज. ‘कोलंबो’ या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेने तो उलटा केला. रिचर्ड लेव्हिन्सन आणि विल्यम लिंक या लेखकद्वयाने निर्माण केलेल्या या मालिकेत खून कोणी व कसा केला, हे प्रेक्षकाला आरंभीच दाखवले जाते. पाहायचे असते ते एवढेच, की चुरगळलेला रेनकोट घातलेला हा पोलीस लेफ्टनंट त्याच्यापर्यंत पोहोचतो कसा. आपल्या क्लिनिकल मीटिंगमध्ये निदान ठाऊक असलेली केस पुन्हा उलगडून पाहताना जो आनंद मिळतो, तोच हा.

या मालिकेचा ११ फेब्रुवारी १९७३ रोजी प्रथम दाखवला गेलेला ‘अ स्टिच इन क्राइम’ हा भाग आम्हा काही डॉक्टर मित्रांच्या गप्पांत वारंवार निघतो. डॉ. बॅरी मेफिल्ड हा हृदयशल्यविशारद. भूमिका ‘स्टार ट्रेक’मधील स्पॉकमुळे घराघरांत पोहोचलेल्या लेनर्ड निमॉय यांची. प्रत्यारोपित अवयव शरीराने नाकारू नये यासाठीच्या औषधावर तो वयोवृद्ध डॉ. हाइडमन यांच्यासह संशोधन करीत आहे. हाइडमन यांना आणखी चाचण्या हव्या आहेत, याला प्रसिद्धीची घाई आहे. हाइडमन यांच्या हृदयाची झडप बदलण्याची वेळ येते, आणि मेफिल्ड कायमच्या धाग्याऐवजी विरघळणाऱ्या धाग्याने टाके घालतो. काही दिवसांनी झडप सुटेल, रुग्ण दगावेल आणि जग म्हणेल, हृदयच थकले होते.

हे कथानक त्या काळाशी घट्ट बांधलेले आहे. पहिले मानवी हृदय-प्रत्यारोपण डिसेंबर १९६७ मध्ये केपटाऊनला झाले; दोनच महिन्यांनी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी ते केले. शस्त्रक्रिया जमत होती, पण शरीराचा नकार आवरत नव्हता. सायक्लोस्पोरिनला अमेरिकेत मान्यता मिळाली ती १९८३ मध्ये. म्हणजे मेफिल्डला ज्या श्रेयाची हाव सुटली आहे, ते श्रेय त्या वेळी खरोखरच उघड्यावर पडलेले होते.

शल्यक्रियेची बाजूही बरीचशी टिकते. साध्या कॅटगटची ताकद आठ-दहा दिवसांत सरते, क्रोमिक कॅटगटची दोन-तीन आठवड्यांत. कृत्रिम झडपेच्या कापडी कड्यात ऊतक वाढून ते पक्के बसायला याहून पुष्कळ अधिक काळ लागतो. म्हणूनच तेथे न विरघळणारा पॉलिस्टरचा धागा वापरतात. एका सर्जन मित्राचा आक्षेप असा, की शवविच्छेदनात हे लपणार नाही. आक्षेप रास्त आहे, पण वृद्ध हृदयरुग्णाचे शवविच्छेदन मागणार कोण, यावरच तर मेफिल्डची भिस्त आहे.

धाग्याची शंका प्रथम येते ती कोलंबोला नव्हे, शेरॉन मार्टिन या परिचारिकेला. तीही बोटांच्या स्पर्शावरून. डोळ्यांना दोन्ही धागे सारखेच दिसतात. माझ्या मते या भागातील खरे निदान तिचे आहे. नवजात अतिदक्षता विभागात काम केलेल्या कोणालाही हे पटावे. सिस्टर सांगते, “सर, हे बाळ आज काही बरं वाटत नाही,” तेव्हा तापमान ठीक असते, रक्ताचे अहवाल यायचे असतात. आणि पुष्कळदा जंतुसंसर्गाची ती पहिली खूण ठरते. शेरॉनला शंका आल्याचे मेफिल्डच्या ध्यानात येते आणि ती मारली जाते.

कोलंबोचा संशय जडतो तो एका क्षुल्लक गोष्टीवरून: तिच्या खुनाची बातमी ऐकत असताना हा माणूस घड्याळ नीट लावत होता! कोलंबोच्या त्या किंचित तिरक्या नजरेविषयी, बालरोगतज्ज्ञ म्हणून, थोडे विषयांतर करतो. पीटर फॉक यांचा उजवा डोळा तिसऱ्या वर्षी रेटिनोब्लास्टोमामुळे काढावा लागला होता. फ्लॅश वापरून काढलेल्या छायाचित्रात बाळाची एक बाहुली लाल न दिसता पांढरी दिसली, तर त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. आज वेळीच निदान झाले तर जीव वाचतोच, पुष्कळदा डोळाही वाचतो.

आता आमच्या मतभेदाचा मुद्दा. एरवी अजीजीने बोलणारा कोलंबो येथे मेफिल्डच्या टेबलावर भांडे आपटून ओरडतो: हाइडमन यांना जपा, ते गेले तर शवविच्छेदन होईल. हा संताप खरा की सोंग? काही मित्रांच्या मते ही निव्वळ चाल. मेफिल्डला पुन्हा शस्त्रक्रिया करायला भाग पाडायचे होते. मला तो खरा वाटतो. इतर बहुतेक भागांत मृत मृतच असतो, गुप्तहेराला घाई नसते. येथे एक माणूस जिवंत आहे आणि त्याच्या छातीतला धागा तासागणिक झिजतो आहे. कोलंबोला प्रथमच आपल्या, म्हणजे डॉक्टरांच्या, जागी उभे राहावे लागते: पुरावा अपुरा, वेळ त्याहून अपुरा. तरी सोंग मानणाऱ्यांकडे एक बळकट दाखला आहे. शेवटी मेफिल्डही संतापाचे सोंग करून कोलंबोला ढकलतो आणि काढलेला धागा त्याच्याच खिशात सरकवतो. कधीच न चिडणारा हा माणूस आताच कसा चिडला, या एका विचाराने कोलंबो दारातून परत फिरतो. खोटा राग तो असा ओळखतो. स्वतः एकदा वापरला होता म्हणून, असे आमचे सर्जन मित्र म्हणतात, आणि तेथे आमची चर्चा दर वेळी अडते.