समाजमंदिर पाडण्यापूर्वी

काटेवाडी म्हटले की महाराष्ट्राला आषाढीची वारी आठवते. बारामतीचा मुक्काम आटोपून तुकोबांची पालखी इंदापूरच्या वाटेला लागली की या गावात धोतरांच्या पायघड्या अंथरल्या जातात, मेंढ्यांचे रिंगण होते. स्वच्छतेच्या आणि पर्यावरणाच्या कामासाठीही या गावाचे नाव घेतले जाते. आमचे मात्र त्या बाजूला जाणे झाले ते वेगळ्याच कामासाठी. जवळच्या एका वस्तीत जुने समाजमंदिर पाडायचे की ठेवायचे यावरून दोन तट पडले होते. आम्ही पेशाने कारकून. हिशेब पाहून द्यावा म्हणून आम्हाला बोलावणे आले होते.

समाजमंदिर साधेच. वीस फूट रुंद, तीस फूट लांब. दगडी जोते, विटांच्या भिंती, वर पत्रा. पावसाळ्यात गळते, उन्हाळ्यात भट्टी होते. तरुणांचे म्हणणे सरळ होते. "पाडा आणि स्लॅबचे बांधा. परीक्षेच्या दिवसांत पोरांनी बसायचे कुठे?" त्यांचे खोटे नव्हते. एवढ्यात मागे बसलेल्या एक आजी उठल्या आणि म्हणाल्या, "लेकरांनो, या जोत्याचा मुरूम आमी डोक्यावर वाहिलाय. दिवसभर दुसऱ्याच्या रानात राबायचं आन् रातच्याला हितं पाट्या टाकायच्या. पाडायचं तर पाडा, पर एवढं ध्यानात घेऊन पाडा."

सभा गप्प झाली. आम्हीही.

वाचकहो, एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. 'जुने ते सोने' ही आमची घोषणा नाही. ज्या जुन्या गावगाड्याने आम्हाला वेशीबाहेर ठेवले, त्याच्या वाड्यांसाठी आणि गढ्यांसाठी आम्ही डोळ्यांत पाणी आणावे असे काही नाही. पक्क्या घराची ओढ आपल्या समाजाला का आहे, हेही आम्ही जाणतो. गळक्या छपराखाली ज्याचे बालपण गेले त्याला स्लॅब म्हणजे केवळ छत नव्हे, तो मान आहे. तरीसुद्धा आम्ही म्हणतो की जे आपल्या घामातून उभे राहिले, ते तपासल्याशिवाय पाडू नये.

आता हिशेबाकडे येऊ. कारकून दरवर्षी वहीत इमारतीवर घसारा लिहितो. लिहिता लिहिता किंमत शून्यावर येते. पण वहीत शून्य झाली म्हणून भिंत पडत नाही. तिच्यातला दगड, वीट आणि मजुरी जागेवरच असते. ती पाडली की हे सारे राडारोडा होऊन ओढ्याच्या काठी पडते, आणि तेवढेच सामान पुन्हा विकत आणावे लागते. शिवाय नव्या बांधकामात पैशाचा मोठा वाटा सिमेंट आणि लोखंडाकडे, म्हणजे गावाबाहेर जातो. दुरुस्तीत मोठा वाटा मजुरीचा असतो. गवंडी, सुतार, रंगारी आपल्याच वस्तीतले असले तर निधी वस्तीतच फिरतो.

पर्यावरणाचा हिशेबही असाच आहे. एक टन सिमेंट तयार होताना साधारण अर्धा ते पाऊण टन किंवा त्याहूनही अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. जगात माणसाच्या उद्योगांतून निघणाऱ्या या वायूत सिमेंटचा वाटा सात-आठ टक्क्यांच्या घरात आहे. दुष्काळाचा आणि उन्हाचा पहिला फटका भूमिहीन मजुरालाच बसतो. म्हणून हा विषय शहरातल्या शिकल्यासवरल्यांचाच आहे असे समजू नये.

पण भाबडेपणाही नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे गेली. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवर माळवदाचा जड भार, हेच पुष्कळांच्या मृत्यूचे कारण ठरले. त्यानंतर तज्ज्ञांनी उपायही सांगितले. छपरावरची माती कमी करा, भिंतीत आरपार जाणारे सांधदगड बसवा, दारा-खिडक्यांच्या वर चारी भिंतींना बांधणारा पट्टा घाला. म्हणून जुनी इमारत ठेवायची तर आधी इंजिनिअरकडून तपासून घ्यावी. ती धोक्याची निघाली तर पाडावी. तिथे माया कामाची नाही. मात्र तेव्हाही दगड, विटा, चौकटी आणि पत्रे नीट उतरवून नव्या कामात वापरावेत.

ही शिकवण आपल्याला परकी नाही. विनयपिटकात भदंत आनंद आणि उदेन राजा यांची कथा आहे. राण्यांनी आनंदांना पाचशे चीवरे दान दिली. एवढ्या चीवरांचे काय करणार, असे राजाने विचारले. आनंदांनी सांगितले की ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्या भिक्खूंना ती वाटू. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची पांघरुणे करू. जुन्या पांघरुणांच्या गादीच्या खोळी, जुन्या खोळींची जमिनीवरची अंथरुणे, त्यांची पायपुसणी, त्यांची झाडणी. आणि झाडणीही विरली की तिच्या चिंध्या मातीत कालवून जमिनीला गिलावा करू. राजाचे समाधान झाले. दानाचा एक धागाही वाया जाऊ द्यायचा नाही, हा संघाचा हिशेब होता.

अलीकडचे उदाहरण लंडनचे. विद्यार्थी असताना १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर किंग हेन्रीज रोडवरच्या १० क्रमांकाच्या घरात राहत होते. महाराष्ट्र शासनाने ते २०१५ साली विकत घेतले. घराचे संग्रहालय करण्यास तिथल्या स्थानिक परिषदेने हरकत घेतली होती. अखेर मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने परवानगी दिली. म्हणजे घर न पाडताच त्याला नवे काम मिळाले. आज माणसे लांबून येतात ती बाबासाहेब ज्या भिंतींत राहिले त्या पाहायला. तिथे नवा टोलेजंग मनोरा बांधला असता तर एवढी ओढ राहिली असती का?

मग आपल्या समाजमंदिराला कोणते काम द्यावे? आमच्या मते अभ्यासिकेचे. दादरला बाबासाहेबांनी 'राजगृह' बांधले ते मुख्यतः ग्रंथांसाठी. आपले समाजमंदिर मात्र जयंतीला उघडते आणि एरवी कुलपात असते. सकाळी बालवाडी, दुपारी महिलांचा बचत गट, संध्याकाळी मुलांचा अभ्यास, रविवारी वंदना असे वेळापत्रक लावले तर एकाच छपराखाली चार कामे होतील. पत्र्याखाली छत घातले, वर पांढरा रंग दिला आणि भिंतीत वरच्या बाजूला झरोके ठेवले तर उकाडा बराच कमी होतो. बारामती-इंदापूरचा हा पट्टा पर्जन्यछायेचा, म्हणून पावसाचे पाणीही सोडू नये. या छपराचे क्षेत्र सुमारे ५५ चौरस मीटर. वर्षाला ४०० मिलिमीटर पाऊस पडला तरी त्यावर २२ हजार लिटर पाणी पडते. पन्हळ लावून ते टाकीत घेतले तर झाडांना आणि साफसफाईला पुरते.

त्या सभेत शेवटी एवढेच ठरले की आधी तपासणी, मग निर्णय. पुढे इंजिनिअर आले. त्यांनी जोते ठोकून पाहिले, भिंती ओळंब्याने तपासल्या. जोते आणि भिंती मजबूत निघाल्या. दोष छपरात होता. वासे कुजले होते आणि पत्रे गंजले होते. छपर बदलायचे ठरले, आणि वाचणाऱ्या वर्गणीतून पुस्तके व टेबले घ्यायची असा ठराव झाला. ठराव मांडला तो पाडा म्हणणाऱ्या तरुणांपैकीच एकाने. आजींनी त्याला जवळ बोलावून डोक्यावरून हात फिरवला.

समाजबांधवांना आणि भगिनींना आमची एवढीच विनंती आहे. आपल्या वस्तीत असा प्रश्न आला तर कुदळ घेण्यापूर्वी तीन गोष्टी कराव्यात. इंजिनिअरला दाखवावे, दोन्ही बाजूंचा खर्च कागदावर मांडावा आणि ज्यांनी ती वास्तू उभारली त्या वडीलधाऱ्यांना विचारावे. मग जो निर्णय होईल तो सर्वांचा असेल.