राजाच्या पुतळ्याच्या गोळ्या

धातूंच्या वाटेने : लेखांक 9

मागच्या आठवड्यात आपण कल्हईवाल्याच्या कथलापाशी थांबलो होतो. कथील 232 अंश सेल्सिअसला वितळते, शिशाला 327 अंश लागतात. म्हणजे लोहाराची भट्टी नको, फुललेले निखारे पुरतात. म्हणूनच बंदुकीच्या गोळ्या ओतण्याचे काम कित्येक शतके घरोघरी होत राहिले. त्यातला एक प्रसंग मला फार जवळचा वाटतो, कारण तो कसलेल्या कारागिरांचा नाही.

9 जुलै 1776 रोजी न्यूयॉर्कमध्ये वॉशिंग्टनच्या सैन्यापुढे स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला गेला. त्याच दिवशी जमावाने बोलिंग ग्रीनमधला राजा तिसरा जॉर्ज याचा अश्वारूढ पुतळा दोर लावून खाली ओढला. पुतळा शिशाचा, वर सोन्याचा मुलामा. त्याचे बरेचसे तुकडे कनेक्टिकटमधल्या लिचफिल्ड गावी, ऑलिव्हर वॉलकॉट यांच्या घरी पोचले. घराला लागून असलेल्या सफरचंदाच्या बागेत छप्पर उभारले गेले. वॉलकॉटांनी लाकडे फोडायच्या कुऱ्हाडीने ते शिसे तोडले, आणि गोळ्या ओतल्या मुख्यतः बायका-मुलींनी.

काम दिसते सोपे. साचा सांडशीसारखा असतो. त्याच्या दोन्ही पात्यांत अर्धा-अर्धा गोल कोरलेला, मिटला की आत गोळीएवढी पोकळी. पळीने शिसे ओतायचे, क्षणभर थांबायचे, साचा उघडून गोळी पाडायची, तोंडाशी राहिलेली शेंडी कापायची. नवशिक्याच्या पहिल्या गोळ्या मात्र सुरकुतलेल्या निघतात. साचा गार असतो, त्यामुळे पोकळी भरायच्या आधीच शिसे थिजते. पाच-दहा वेळा ओतले की साचा तापतो आणि गोळी गुळगुळीत येऊ लागते. बिघडलेली गोळी परत भांड्यात टाकायची, वाया काहीच जात नाही. वर साचणारी मळी मात्र काढत राहावे लागते. मेणाचा तुकडा टाकून ढवळले की त्या मळीतले बरेचसे शिसे परत सुटते. आणि पाणी जवळपासही नको : वितळलेल्या शिशाखाली एखादा थेंब सापडला तर त्याची क्षणात वाफ होते आणि सगळे शिसे अंगावर उडते.

या कामाची नोंद नावानिशी राहिली, हे विशेष. रूथ मार्विन 11,592, वॉलकॉटांची मुलगी मेरी ॲन 10,790, तिची बहीण लॉरा 8,378, मिसेस मार्विन 6,058. इतरांची धरून एकूण बेरीज 42,088 काडतुसांची, म्हणजे गोळी आणि दारू एकत्र बांधलेल्या पुड्यांची. युद्धाच्या इतिहासात सेनापतींची नावे भरपूर असतात. मेरी ॲनसारख्या अकरा वर्षांच्या मुलीच्या हातून किती काडतुसे झाली हे सांगणारा कागद मला तरी दुसरा ठाऊक नाही. वॉलकॉटांच्या धाकट्या मुलाच्या, फ्रेडरिकच्या नावावर 936 आहेत. तो तेव्हा आठ वर्षांचा होता. पुढे न्यायाधीश झाल्यावर तो सांगत असे, की मुलींना त्या कामात मोठी मौज वाटली होती.

ती मौज वाचताना माझे मन कचरते. शिशाची वाफ या तापमानाला फारशी होत नाही. खरा धोका त्या मळीच्या बारीक भुकटीचा. ती बोटांना, कपड्यांना चिकटते आणि जेवताना पोटात जाते. लहान मुलांचे शरीर मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त शिसे शोषून घेते. ते हाडांत साठून वर्षानुवर्षे राहते, आणि वाढत्या मेंदूचे नुकसान करते. मुलांच्या रक्तात शिशाचे अमुक एक प्रमाण सुरक्षित, असे आज कोणताही डॉक्टर सांगणार नाही. आजही अमेरिकेत हौसेने गोळ्या ओतणारे जाणते लोक मोकळ्या हवेत बसतात, काम होईपर्यंत तोंडात काही घालत नाहीत, कपडे वेगळे धुतात आणि मुलांना फिरकू देत नाहीत.

पुतळ्यातले सगळेच शिसे काही गोळ्यांत गेले नाही. घोड्याचे शेपूट 1871 मध्ये कनेक्टिकटमधल्याच विल्टनच्या दलदलीत सापडले. आता ते न्यूयॉर्कच्या एका संग्रहालयात आहे.

पुढच्या आठवड्यात : रोमचे शिशाचे नळ.